अंथरुणाबाहेरचे पाय

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत,’ असं आई रागावून कधी म्हणत नाही. भाजी निवडता निवडता काही बोलावं, तसं सहज म्हणते. त्या दिवशी मुंबईतही तशीच म्हणाली. तेव्हापासून मी त्या अंथरुणाचाच विचार करते आहे. ते किती लांब असावं, हे कोण ठरवतं? आणि पाय वाढत असतील तर?

म्हण शहाणी आहे, पण तिच्यात निजणारा माणूस एकटा आहे. आमच्या सोलापूरच्या घरात अंथरूण एकट्याचं कधी नव्हतं. एकाच लांब सतरंजीवर आम्ही भावंडं ओळीने निजायचो आणि कडेला आई. कुणी पाय पसरले की दुसऱ्या कुणाला तरी आखडून घ्यावे लागत. बहुतेक वेळा आईलाच. ती उघड्या फरशीवर सरकलेली असायची आणि सकाळी त्याबद्दल अवाक्षरही काढायची नाही. मग पाय पसरताना अंथरूण पाहावं की शेजारी कोण आहे ते पाहावं? म्हण याबद्दल काही सांगत नाही.

मुंबईचा दिवस तिने काटकसरीत आणि आनंदात काढला. बेस्टचं किमान भाडं २०२५मध्ये ५ रुपयांवरून १० झालं, तरी सीएसएमटीहून काळ्या घोड्यापर्यंत आम्हा दोघींना २० रुपये पुरले. १९५२ सालच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट लागत नाही, यावर तिचा विश्वासच बसेना. एका मोठ्या निळ्या चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘‘कुणी हाकलणार नाही ना गं?’’ शेजारच्या वस्तुसंग्रहालयाचा घुमट तिने कुंपणाबाहेरूनच डोळे भरून पाहिला. तो जॉर्ज विटेटने रचला आणि गेटवेही त्यानेच, हे मी सांगितलं. ‘‘मग गेटवे फुकट दिसतंय की,’’ ती म्हणाली आणि तिथला विषय संपला.

ओव्हल मैदानाच्या कडेला सावलीत बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. समोर राजाबाई टॉवर. त्याची गोष्ट मी तिला सांगायला घेतली आणि ती माझ्याच डोक्यात घर करून बसली.

कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या, राजाबाईंच्या नावाने हा मनोरा उभारावा म्हणून देणगी दिली. असं सांगतात की त्यांची दृष्टी गेली होती. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचं जैन व्रत पाळायचं, तर घंटेच्या आवाजावरून त्यांना वेळ कळावी. ते दिवस अमेरिकेतल्या यादवी युद्धाचे. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैसा मावेना. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या आणि अजून पाण्याखाली असलेल्या जमिनीच्या शेअरांवर लोकांनी घरदार लावलं. १८६५मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि शेअरही गडगडले. कितीतरी घरं बसली, खुद्द प्रेमचंदही बुडाले. बँक ऑफ बॉम्बेही त्यातून सावरली नाही. मनोरा मात्र त्यानंतर बांधायला घेतला आणि १८७८मध्ये पुरा झाला. उंची २८० फूट.

या माणसाने अंथरूण पाहिलं नाही, हे उघड आहे. त्याच्यासोबत ज्यांनी पाय पसरले, त्यांचे संसार उघड्यावर आले. त्यांच्याकडे पाहिलं की आईची म्हण मला शंभर टक्के पटते. पण त्याच वेड्या वर्षांतल्या पैशाने उभ्या राहिलेल्या मनोऱ्याकडे बघत आई भाकरी खात होती, एक पैसा न देता. मुंबई तर सगळीच अशी. सात बेटं जोडून झाली तरी तिचं भागलं नाही. मैदानापलीकडच्या, १९३०च्या दशकातल्या त्या देखण्या इमारती जिथे आहेत, तिथे एकेकाळी पाणी होतं. शहराने अंथरूण पाहिलं असतं तर आईला फुकट बघायला काय उरलं असतं? आणि ज्या कोळ्यांचा किनारा मागे मागे सरकत गेला, त्यांच्या पायांचं काय? या दोन प्रश्नांची मला एकत्र मांडणी करता येत नाही. एकाचं उत्तर सापडतंय असं वाटलं की दुसरा ते मोडून टाकतो.

संध्याकाळी गेटवेला लाँचवाले हाका मारत होते. मी पर्स उघडली, तेव्हा तिने ती म्हण म्हटली. पुढे म्हणाली, ‘‘समुद्र काय, इथूनही तोच दिसतोय.’’

मी शिकले ती तिच्या आखडलेल्या पायांवर. त्यामुळे पुढच्या वेळी न विचारता तिकिटं काढावीत, असं मनात येतं. मग वाटतं, फुकटच्या दिवसाचं ते सुख तिने स्वतः मिळवलेलं होतं. लाँचमध्ये बसून ती सारा वेळ माझ्या पगाराचा हिशेब करेल. कदाचित तिला पाण्याची भीतीही वाटत असेल. सोलापूरकडच्या बाईला एवढं पाणी कुठून सवयीचं असणार? विचारलं तर ती ‘नको’ म्हणेल. त्या ‘नको’त पैशांचं किती, पाण्याचं किती आणि माझ्यासाठी मागे ठेवलेलं किती, हे इतकी वर्षं तिच्याजवळ राहूनही मला ओळखता येत नाही.