फी भरण्याआधी

सांगली

चि. ठमे,


तू पाठवलेल्या तिन्ही जाहिराती पाहिल्या. एक कराटे, एक क्राव मागा, एक ज्यूडो. आणि खाली तुझा प्रश्न, ‘आत्या, यातलं भारी कुठलं?’ फोनवर सांगितलं असतं तर तू ‘हो हो’ म्हणून विषय संपवला असतास. म्हणून लिहायला बसले.

मी अकरावीत असताना कराटे शिकले, एका इमारतीच्या गच्चीवर. दीड वर्षात दोन पट्टे बदलले. झोपेतून उठवून काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, करायला सांगितला असता तरी बिनचूक केला असता. मग एका संध्याकाळी खच्चून भरलेल्या एसटीत मागून कमरेवर हात आला आणि मी दगड झाले. त्या दीड वर्षात मला कुणी खरं धरलं नव्हतं, मी कुणाला खरं ढकललं नव्हतं. माझ्या हातचा सगळा मार गच्चीवरच्या हवेनं खाल्ला होता. शेजारी उभ्या असलेल्या भाजीवाल्या मावशींनी ‘हात काढ रे मेल्या!’ म्हणून आख्खी गाडी जागी केली, तेव्हा तो हात निघाला. त्यांच्या कमरेला कुठल्याच रंगाचा पट्टा नव्हता.

यात कराटेचा दोष नाही. त्यातही समोरासमोरची लढत, म्हणजे कुमिते, असते. आमच्याकडे ती स्पर्धा जवळ आली की तेवढीच व्हायची.

पुढे कॉलेजात ज्यूडोला गेले. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत जुन्या जुजुत्सूतून हा प्रकार घडवला. फटके आणि इजा करणारे डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले, म्हणून उरलेले डाव पूर्ण जोर लावून, विरोध करणाऱ्या माणसावर रोज करता येऊ लागले. या सरावाला रांदोरी म्हणतात. समोरची मुलगी पडायला तयार नसते, तुमचा डाव फसतो, तुम्हीच तोंडघशी पडता, आणि हळूहळू अंगाला कळतं की कुणी धरलं तरी श्वास चालू ठेवता येतो. सुरुवातीला तर नुसतं पडायलाच शिकवतात. खरं सांगू? इतक्या वर्षांत ज्यूडो मी एकदाच वापरला. पावसात स्कूटर घसरली तेव्हा डोकं वाचलं ते त्या पडण्यामुळे.

ज्यूडोतली आणखी एक गोष्ट तुला सांगायची आहे. गळ्याला किंवा हाताला पकड बसली आणि सहन होईना, तर पकडीतल्या माणसाने दोनदा थापटायचं. थापटलं की त्याच क्षणी सोडायचं. कारण विचारायचं नाही, ‘थांब, अजून एक सेकंद’ म्हणायचं नाही. शिक्षकाने थापटलं तरी तेच, आणि पहिल्याच दिवशी आलेल्या मुलीने थापटलं तरी तेच.

गच्चीवरचे आमचे सर पवित्रा दुरुस्त करायला हात लावत. मुलींच्या रांगेत दुरुस्त्या जरा जास्तच निघत. आम्ही आठजणी एकमेकींकडे बघायचो आणि गप्प बसायचो. स्वतःचं रक्षण करायला शिकायला गेलो आणि जिथे शिकत होतो तिथेच ‘नको’ म्हणता आलं नाही. घरी मी सांगितलं ते एवढंच, की बारावीचा अभ्यास आहे, क्लास सोडते.

तू पाठवलेल्या एका जाहिरातीत अंधारी गल्ली आणि तोंड झाकलेला माणूस आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल काढून बघ: बलात्काराच्या दहांपैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. काहींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकं मिळालेल्यांपैकी ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला, प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी ५.२ टक्के. त्या बारा तासांत हातपाय चालवायला थोडाच वेळ दिला होता. उरलेल्यातला बराच वेळ ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका हेरणं आणि ‘त्याला वाईट वाटेल’ हा मनातला अडसर दूर करणं यावर गेला. तुझ्या तिन्ही सरांना विचार, क्लासमध्ये मुलींकडून मोठ्याने ओरडून घेता का? त्यावर जो हसेल, त्याचं नाव खोडून टाक.

दोन दिवसांत चाकू हिसकावून घ्यायला शिकवणाऱ्या क्राव मागावाल्यांकडे जाणारच असशील तर पांढरा टीशर्ट घालून जा. चाकूऐवजी मार्कर वापरायला सांग, आणि मार्करवाल्याला हात लांब करून पुतळ्यासारखं उभं राहू देऊ नकोस. मग टीशर्टवरच्या रेघोट्या मोज. ‘पर्स टाक आणि पळ’ असं सांगणारा मास्तर मिळाला तर त्याचे पाय धर. ‘आधी डोळा फोड, मग बघू’ म्हणणाऱ्याला भारतीय न्याय संहिता ठाऊक नाही. कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच.

माझं विचारशील तर पालिकेच्या हॉलमधला ज्यूडो आधी बघ. पण तिथले सर बरे वाटले नाहीत तर ज्यूडोसाठी अडून बसू नकोस. सर चांगले असतील तर कराटेही चालेल. तिन्हीकडे एकेक बॅच कोपऱ्यात बसून बघ. जुन्या मुली किती टिकल्यात ते मोज. कुणी थापटलं की किती लवकर सोडतात तिकडे लक्ष ठेव. मग स्वतः मॅटवर उतर आणि एकदा म्हण, ‘सर, हात न लावता सांगाल का?’ म्हणताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघ.

शनिवारी जाऊन ये आणि रात्री फोन कर. वर्षाची फी एकदम मागितली तर माझं नाव सांग. म्हणावं, आत्याने महिन्याचीच दिली आहे.

तुझी
आत्या