पथ्यास अनावृत पत्र

ती. पथ्य यांस,
शि. सा. न. वि. वि.

धाकट्या भावाला क्षय असल्याचं कळलं आणि त्याच्या गोळ्यांची पाकिटं घरात यायच्या आत तुम्ही उंबरा ओलांडलात. तेही एकटे नाही. मावशीबरोबर आलात ते दही बंद करत, शेजारच्या काकूंबरोबर केळं बंद करत, आणि गावाकडच्या फोनवरून अंडं, वांगं, शेंगदाणे, भात. शेवटी ताटात उरलं मुगाचं पाणी आणि वाफवलेला दुधी. माणूस पावणेसहा फूट उंच, वजन ४४ किलो. अशा अंगाला तुम्ही आणखी कात्री लावायला बसलात!

तुमचा मान आम्ही ठेवतो. दारू बंद म्हणालात, एकदम कबूल. या गोळ्यांचा भार यकृतावर आधीच असतो. पण जे खरंच सांगायला हवं होतं ते तुमच्या एकाही वकिलानं सांगितलं नाही. या गोळ्यांतली आयसोनियाझिड चालू असताना नीट न राखलेला बांगडा किंवा ट्यूना खाल्ला तर काहींचा चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते. अशा मासळीत हिस्टामिन साचतं आणि ते मोडायचं शरीराचं काम ही गोळी अडवते. हे आम्हाला दवाखान्यातल्या सिस्टरनी सांगितलं. त्यांतल्याच रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, घाबरू नका, हेही त्यांनीच. आणि खाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘ताई, त्याला आवडेल ते द्या, फक्त दोन घास जास्त द्या.’’

झारखंडमध्ये हेच मोजून पाहिलं गेलं. क्षयाच्या २८०० रुग्णांना सहा महिने दरमहा १० किलो शिधा दिला: तांदूळ, कडधान्य, दूध पावडर, तेल. २०२३ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. पाच टक्के म्हणजे आमच्या भावाच्या हिशेबानं सुमारे सव्वादोन किलो. सरकारसुद्धा क्षयरुग्णाच्या बँक खात्यात पोषणासाठी पैसे घालतं. २०१८ साली महिन्याला ५०० रुपये होते, आता १००० आहेत. सरकार खाण्यासाठी पैसे देतंय आणि तुम्ही दारात उभे राहून पिशवी तपासताय.

म्हणून स्वयंपाकघर आता तुमच्या हाती नाही. गोळ्या उपाशीपोटी, त्यानंतर तासाभरानं नाचणीची पेज, तीही दुधातली. मळमळ असली की भरलेलं ताट बघूनच तो तोंड फिरवतो, म्हणून ताट वाढायचंच नाही. दर दोन तासांनी वाटी पुढे करायची. मऊ वरणभात, वर तूप आणि लिंबू. भाताच्या प्रथिनांत लायसिन कमी, डाळीत भरपूर, त्यामुळे दोघांची जोडी जमते. मटकीची उसळ, उकडलेली अंडी, आणि डाळं, दाणे, गूळ कुटून केलेले लाडू. तोंडाला चव नाही म्हणाला तेव्हा नखाएवढी लसणाची चटणी दिली आणि ती वाटी पुसून खाल्ली गेली. मावशींना अजून पत्ता नाही.

तुमचा दुसरा हुकूम, ‘हलू नकोस’. त्याचा उगम मला ठाऊक आहे. औषधं निघण्यापूर्वी विश्रांती, हवा आणि चांगलंचुंगलं खाणं हाच मुख्य इलाज होता. मिरजेजवळ वानलेसवाडीला त्यासाठी सॅनेटोरियम उभं राहिलं. पण १९५६ साली मद्रासला डॉक्टरांनी काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना आपापल्या दाटीवाटीच्या घरी, औषधं दोघांना सारखीच. घरी राहिलेल्यांना खाणं बेताचं मिळालं, विश्रांतीही कमी, तरी गुण दोघांना जवळपास सारखाच आला. जंतू मारत होती ती गोळी, खाट नव्हे. ताप गेल्यावरही छताकडे बघत पडायची सक्ती कशासाठी?

भाऊ चाकणला मशीनवर काम करतो. त्याला ‘पुस्तक वाच’ म्हणणं ही शिक्षाच. मेथी निवडायला दिली, पाचव्या मिनिटाला जुडी माझ्या पुढ्यात परत. मग डॉक्टरांना विचारून, मिक्सरचं गळकं भांडं त्याच्या हातात दिलं. उघड्या खिडकीशी बसून, तोंडाला मास्क लावून त्यानं पात्याखालचा नट सैल केला, झिजलेलं वायसर नखानं उचकटून काढलं, कडेला साचलेली वाटणाची काळी पुटं जुन्या टूथब्रशनं खरवडली. मध्ये दम लागला, थांबला, पुन्हा घेतलं. नवं वायसर बसवून भांड्यात पाणी भरून ठेवलं आणि खाली वर्तमानपत्र पसरून थेंब पडतोय का बघत बसला. त्या दिवशी पेज पुढे करायच्या आधी त्यानंच विचारलं, ‘‘खायला काय आहे?’’ ‘आजाऱ्याला कामाला जुंपलंय’ असं काकू बोलल्या म्हणे. दोनच दिवसांनी त्यांची इस्त्री आली, तापत नाही म्हणून.

तेव्हा तुम्ही राहिलात तरी आमची हरकत नाही. औषधं पुरी होईपर्यंत मुक्काम करा. दारूवर आणि शिळ्या मासळीवर पहारा ठेवा, गोळीची वेळ चुकली तर ओरडा. बाकीच्या यादीला इथे कुणी विचारत नाही. एवढ्यात बाजारात जाणं झालं तर अर्धा किलो डाळं घेऊन या, लाडू संपत आलेत. आणि कुणाचा पंखा बंद पडला असेल तर त्यालाही आमचा पत्ता द्या.

कळावे,
रुग्णाची थोरली बहीण