वाफेवरचा पाव

मुलाकडे सिंगापूरला जायचे ठरले तेव्हा आमच्या दांडिया बाजारातल्या शेजारणींनी मला ज्या अनेक सूचना दिल्या, त्यांत एक सूचना एकमताची होती : ‘‘बाहेरचे काही खाऊ नका हो, तिथे कशात काय घालतात ते कळायचे नाही.’’ ती शिरोधार्य मानून मी मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला यांची गाठोडी बांधून घेतली. परंतु माणसाने बांधलेल्या गाठोड्यांवर प्रवास थोडाच चालतो? परत येताना माझ्या मनात जे सर्वांत ठळक राहिले, ते तिथल्या उंच इमारती नव्हेत, बागाही नव्हेत. एका बाजारसंकुलातल्या कोपऱ्यात वाफेच्या ढगाआड उभा असलेला एक वृद्ध चिनी गृहस्थ आणि त्याचे हात, एवढेच.

सिंगापूरमध्ये दर चार माणसांत तीन चिनी वंशाची. त्यांच्या जुन्या वस्तीला आज सगळे चायनाटाउन म्हणतात. पण तिचे मलाय नाव ‘क्रेता आयर’, म्हणजे पाण्याची गाडी. नळ येण्यापूर्वी या वस्तीला बैलगाड्यांतून पाणी येत असे आणि चिनी लोकही या भागाला ‘बैलगाडीचे पाणी’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. आकाशाला भिडणाऱ्या त्या नगरीच्या पोटात एक बैलगाडी दडलेली आहे हे कळल्यावर मला ते गाव एकदम जवळचे वाटू लागले. याच वस्तीत साउथ ब्रिज रोडवर १८२७ साली स्थापन झालेले मारिअम्मन देवीचे मंदिर आहे. सिंगापुरातले हे सर्वांत जुने हिंदू मंदिर. एकाच रस्त्यावर थोड्या अंतराने मशीद आहे आणि २००७ साली उघडलेले बुद्धाच्या दंतधातूचे भव्य मंदिरही आहे.

देवीचे दर्शन घेऊन आम्ही निघालो, तेव्हा सूनबाई म्हणाली, ‘‘आई, आता पीपल्स पार्कमध्ये जाऊ. तिथे पैसे बदलून मिळतात.’’ बरोबर माझी नऊ वर्षांची नात होती. पीपल्स पार्क कॉम्प्लेक्स ही एकतीस मजल्यांची इमारत. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे. या जागी पूर्वी उघड्यावरचा मोठा बाजार होता. १९६६ साली तो आगीत भस्मसात झाला आणि त्या जागी १९७३ साली ही इमारत पूर्ण झाली. हल्लीच्या काचेच्या चकचकीत मॉलची ऐट तिला नाही. आत पैसे बदलणारे, प्रवासी तिकिटांचे दलाल, कापडवाले आणि पाय चेपून देणारे यांची दाटी आहे. आमच्या मांडवीच्या बाजारावर कोणी छप्पर घालून त्याला सरकते जिने लावले, तर जे होईल तेच.

त्या गर्दीत एका गाळ्यासमोर मी थबकले. बांबूच्या गोल चाळण्या एकावर एक रचलेल्या, त्यांच्या फटींतून वाफ निघते आहे, आणि मागे पांढरी बंडी घातलेला, सत्तरीच्या पुढचा एक गृहस्थ मैद्याच्या गोळ्यांशी गुंतलेला. कणकेची लांब वळकटी करून तो तिचे हातानेच सारखे तुकडे तोडी. प्रत्येक तुकडा लहानशा लाटण्याने असा लाटी की, कडा पातळ व्हावी आणि मध्यभाग जाड राहावा. मग डाव्या तळहातावर ती पारी, तिच्यात सारण, आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांनी कडेला चुणी मागून चुणी. डावा हात सावकाश फिरत राही, उजवा जागच्या जागी चिमटा घेत राही; शेवटी एक हलकासा पीळ देऊन तोंड बंद. खाली कागदाचा चौकोन आणि गोळा चाळणीत. या सगळ्याला लागणारा वेळ, मी श्वास घेऊन सोडण्याइतका.

वाचकहो, तुमच्या मनात जे आले तेच माझ्याही मनात आले. हे तर मोदक! तीच पारी, तेच तळहातावरचे फिरणे, त्याच कळ्या. भेद इतकाच की, आपली उकड तांदळाची आणि आंबवण्याचा तिला स्पर्श नाही. यांचे पीठ मैद्याचे, खमीर घालून फुगवलेले. वळून झाल्यावर गोळे थोडा वेळ झाकून ठेवतात, ते पुन्हा फुलतात, आणि मग दहा-पंधरा मिनिटांची वाफ. भट्टी नाही, तेल नाही, तूप नाही. पाव म्हटला की तो भाजलेला आणि वरून तांबूस असायचा, ही आपली समजूत. हा मात्र कापसासारखा पांढरा आणि बाळाच्या गालासारखा मऊ.

गंमत म्हणजे तिथे त्याला ‘पाव’च म्हणतात! मी चकित झाले. परंतु हा केवळ नादाचा योगायोग. आपला पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागला. त्यांचा शब्द चिनी, आणि त्याचा मूळ अर्थ ‘गुंडाळणे’. आत काही नसलेल्या वाफेच्या गोळ्याला उत्तर चीनमध्ये ‘मान्तोउ’ म्हणतात आणि त्याची एक लोककथा आहे. तिसऱ्या शतकातला प्रसिद्ध मुत्सद्दी झुगे लियांग दक्षिणेची मोहीम आटोपून परतत असता एका खवळलेल्या नदीने वाट अडवली. नदीला नरमुंडांचा बळी द्यावा असे तिथले लोक म्हणाले. त्याने माणसे मारण्याचे नाकारले, आणि पिठाची, आत मांस भरलेली मुंडकी करून नदीला अर्पण केली. कथा खरी असो वा नसो, बळीच्या जागी कोहळा फोडणाऱ्या आपल्या लोकांना ती परकी वाटू नये.

फळीवर नाना प्रकार होते. डुकराच्या भाजलेल्या मांसाचे, कोंबडीचे, कमळबीजांच्या गोड सारणाचे आणि तांबड्या चवळीसारख्या एका कडधान्याचे. ते कडधान्य शिजवून, वाटून, साखर घालून आटवतात असे सूनबाईने सांगितले. म्हणजे पुरणच की! माझ्यातली शाकाहारी प्रवासी जागी झाली. बोटाने दाखवून मी दोन मागितले. गल्ल्यावर एक तरुण मुलगी बसली होती, त्या गृहस्थाची नात. तिने चिमटा उचलला, तेवढ्यात म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. माझे कुंकू, माझे लुगड्याचे वळण, आणि बहुधा मंदिरातला अंगारा त्याने टिपला असावा. तो नातीला काही म्हणाला. तिला ते कळले नाही. त्याने पुन्हा सांगितले, मग हातवारे केले. अखेर ती इंग्रजीत म्हणाली, ‘‘आंटी, आत फक्त गोड सारण आहे, पण पिठात डुकराची चरबी आहे. आजोबा म्हणतात, तुम्ही खाऊ नका.’’

ग्राहक समोर, पैसे हातात, आणि दुकानदार म्हणतो, खाऊ नका! मी हात जोडले. तो पुन्हा काही बोलला. या वेळी शेजारच्या गाळ्यातल्या बाईंनी भाषांतर केले : महिन्यातून दोनदा, चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, पुष्कळ भाविक मांसाहार वर्ज्य करतात. त्या दिवशी तो वनस्पतीच्या तेलातले पीठ मळतो, वेगळ्या चाळण्या लावतो. त्या दिवशी या.

त्यांचा महिना चंद्राचा. पहिली तिथी अमावास्येची, पंधरावी पौर्णिमेच्या आसपासची. मी घरी येऊन वडोदऱ्याहून आणलेले पंचांग उघडले. चार दिवसांनी पौर्णिमा होती.

पण त्या चार दिवसांत मला पावापेक्षा त्या आजोबा-नातीचाच विचार अधिक पडला. नातीला आजोबाचे बोलणे का कळू नये? मुलाने उलगडा केला. जुनी पिढी आपापल्या प्रांताची बोली बोले. कोणी कँटोनीज, कोणी होक्कियेन, कोणी तेओच्यू. बोली निरनिराळ्या, एकाची दुसऱ्याला कळेना. १९७९ साली सरकारने सर्व चिन्यांनी मँडरिन बोलावे अशी मोहीम काढली. शाळेत इंग्रजी आणि मँडरिन, घरी हळूहळू तेच. हेतू वाईट नव्हता. एक समाज एका भाषेत बोलू लागला. मात्र कित्येक घरांत आजी-आजोबा आणि नातवंडे यांच्यामधला पूल तेवढा खचला.

‘‘आणि आपल्या हिची शाळेत मातृभाषा कोणती?’’ मी सहज विचारले.

मुलगा क्षणभर थांबला. ‘‘हिंदी, आई. शाळेत घेता येणाऱ्या भारतीय भाषांत मराठी नाही.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. गायकवाडांच्या मागोमाग आमचे पूर्वज गुजरातेत आले त्याला पावणेतीनशे वर्षे होऊन गेली. आम्ही बाजारात गुजराती बोललो, कचेरीत इंग्रजी बोललो. पण उंबरठ्याच्या आत मराठी राहिली. आमच्या गावच्या प्रसिद्ध ‘सेव-उसळ’मध्ये गुजराती शेव आणि मराठी उसळ एका ताटलीत नांदतात, तशा दोन्ही भाषा नांदल्या. इतकी वर्षे टिकलेले ते एका पिढीत सुटावे? दोष कोणाला द्यायचा? नात माझ्याशी इंग्रजीत बोले आणि ‘तिला सोपे जावे’ म्हणून मीही मोडक्या इंग्रजीत उत्तर देत होते. पूल खचतो तो असाच, दोन्ही तीरांवरून.

पौर्णिमेला सकाळीच आम्ही गेलो. गाळ्यावर ‘शाकाहारी’ या अर्थाचे अक्षर लिहिलेली पाटी लागली होती. एका प्रकारात कोबी आणि अळंबी होती, कांदा-लसूण नाही. तिथला व्रतस्थ शाकाहार कांदा-लसूणही वर्ज्य करतो हे ऐकून मला आमच्या सासूबाईंचा चातुर्मास आठवला. गोड पाव फोडला. आतून वाफ आली, सारण फार गोड नव्हते, वरचे आवरण जिभेवर विरघळल्यासारखे झाले. पुरणाला वेलदोडा हवा होता, हे मात्र मी प्रामाणिकपणे नमूद करते.

गर्दी ओसरली तेव्हा शेजारच्या बाईंच्या मदतीने थोडे बोलणे झाले. त्याचे वडील रस्त्यावर हातगाडी लावत. सरकारने १९७० नंतरच्या वर्षांत रस्त्यावरच्या विक्रेत्यांना टप्प्याटप्प्याने पक्क्या जागांत हलवले, तेव्हा हे कुटुंबही छपराखाली आले. २०२० साली युनेस्कोने सिंगापूरच्या या खाद्यविक्रेत्यांच्या संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मी त्याचे अभिनंदन केले, तर तो हसला. पहाटे तीनला उठून पीठ मळायला वारसा लागत नाही, खांदे लागतात, असे काहीसे तो म्हणाला. पुष्कळ ठिकाणी आता कारखान्यातून गोठवलेले पाव येतात. गाळ्यावर नुसती वाफ द्यायची. चुण्याही यंत्रच पाडते, आणि सगळ्या अगदी सारख्या. त्याच्यानंतर हा गाळा कोण चालवणार? नात शिकते आहे, सुटीपुरती येते. तिने हे करावे असे त्यालाही वाटत नाही. परंतु तिने निदान एकदा वळून बघावे, असे वाटते.

हे भाषांतर नातीनेही ऐकले. ती काही बोलली नाही. पुढल्या गिऱ्हाइकाचे पैसे घेतले आणि हात धुऊन आजोबांच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याने तिच्या हातावर पारी ठेवली. तिचा पाव एका बाजूला कलला. त्याने तो न दुरुस्त करता तसाच चाळणीत ठेवला.

माझ्या नातीने माझा पदर ओढला. ‘‘आजी, कॅन यू डू दॅट?’’

मी म्हटले, ‘‘येते की! पण मराठीत विचार.’’

परतताना लिटल इंडियातून तांदळाची पिठी, नारळ आणि गूळ घेतला. चतुर्थी नव्हती, गणपतीही दूर होते. तरी त्या संध्याकाळी उकड काढली. नातीला पारी करायला शिकवली. ती चुण्या मोजू लागली, ‘‘वन, टू...’’ आणि माझ्याकडे पाहून थांबली. मग आम्ही दोघींनी मिळून मोजल्या. एक, दोन, तीन. सातापर्यंत ती आपली आपण आली, पुढे मी सांगितले. अकरा कळ्यांचा बेत होता, नवव्या कळीला पारी फाटली. तो फाटका मोदकही मी इतरांबरोबर उकडला आणि मीच खाल्ला.

आता वडोदऱ्याला परतल्यावर दर रविवारी सकाळी दूरध्वनीवर ती आणि मी मराठीत बोलतो. तिची वाक्ये कलतात. मी ती दुरुस्त करीत नाही, निदान लगेच तरी नाही.

कोणी सिंगापूरला गेलात, तर चायनाटाउन स्थानकावर उतरा. पीपल्स पार्क शेजारीच आहे. शाकाहारी असाल तर नुसते सारण पाहून भुलू नका, पिठात काय आहे ते विचारा. आणि शक्य झाल्यास पौर्णिमेच्या सुमारास जा.