शब्दाची नांगी

लांबलचक इंग्रजी शब्द हा आपल्याकडे हौसेचा तरी विषय असतो, नाहीतर धास्तीचा. स्पर्धा परीक्षेचा उमेदवार तो घोकतो, बाकीचे त्याला वळसा घालून पुढे जातात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहताना मला मात्र असा वळसा घालता येत नाही. हे शब्द इथे टँकरच्या पाठीवर असतात, एमआयडीसीत उतरणाऱ्या गोण्यांवर असतात, आणि पाणी साठवायला जुन्या बाजारातून आणलेल्या निळ्या पिंपावरच्या अर्ध्या फाटक्या लेबलावरही असतात. शहाडचा रेयॉन, विम्को नाक्याला नाव देऊन गेलेला काडेपेटीचा कारखाना, 1919 साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीचे अंबरनाथचे ॲसिड आणि सुपरफॉस्फेट, उल्हासनगरच्या जीन्स धुलाईचे ब्लीच, असा या भागाचा इतिहासच रसायनांचा आहे. ही लेबले वाचत आल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. माणूस दबकतो तो शब्दाच्या लांबीला, पण विंचवाप्रमाणे या शब्दांचीही नांगी शेवटाला असते. आय-डी-ई, आय-टी-ई की ए-टी-ई, एवढे पाहिले तरी निम्मा अर्थ हाती येतो.

पुरावा म्हणून सोडियम सल्फाइड, सोडियम सल्फाइट आणि सोडियम सल्फेट ही तीन नावे घ्या. उच्चार इतके जवळचे की घाईत कानाला फरक कळू नये. पहिल्यावर ॲसिड पडले तर हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू प्रमाण वाढले की आधी वास घेण्याची शक्तीच मारतो आणि मग माणसाला. दुसऱ्यावर ॲसिड पडले तर घसा आवळणारा सल्फर डायऑक्साइड निघतो. तिसऱ्यावर सौम्य ॲसिड पडले तर असा कोणताच वायू निघत नाही. सोडियम सल्फेट कपड्यांच्या पावडरीत भर म्हणूनही घालतात. रेयॉनच्या धंद्यात तर दोन टोके एकाच छपराखाली येतात. लाकडाच्या लगद्याचे धागे काढण्यासाठी कार्बन डायसल्फाइड लागतो, जो वाफेच्या गरम नळीच्या स्पर्शानेही पेटू शकतो. आणि धागा ॲसिडच्या पाण्यातून बाहेर आला की मागे सोडियम सल्फेट उरते.

हा एकट्या गंधकाचा खेळ नाही. पोटॅशियम क्लोराइड म्हणजे शेतकऱ्याच्या ओळखीचे म्युरेट ऑफ पोटॅश, तर पोटॅशियम क्लोरेट म्हणजे काडीच्या गुलाला भडकवणारा जोर. ॲल्युमिनियम फॉस्फेट आम्लपित्तावर औषध म्हणून दिले गेले आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइड ही धान्याच्या कोठारातली कीड मारणारी गोळी, आणि ती पोटात गेलेला माणूस वाचवणे डॉक्टरांना फार कठीण जाते. 1944 मध्ये न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहात मिठाच्या भांड्यात सोडियम नायट्राइट भरले गेले आणि नाश्ता करून गेलेली 11 माणसे निळी पडली. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. दिसायला दोन्ही पांढरी आणि चवीला खारट. हेच सोडियम नायट्राइट रंगाच्या कारखान्यांत रोजच्या वापरातले आहे. कधी नांगी शब्दाच्या तोंडाशीही असते. इथेनॉलच्या पुढे एक एम लागला की मिथेनॉल होते, आणि तेवढ्या फरकाने 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली.

या शेपट्या कुणी लहरीने लावलेल्या नाहीत. 1787 मध्ये पॅरिसच्या लव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनांची नवी नावे बांधली तेव्हा ऑक्सिजन कमी असेल तर आइट आणि जास्त असेल तर एट असा नेम घातला. आइड ही शेपटी पुढे रुळली. तिचा अर्थ बहुधा ‘ऑक्सिजन नाही’. आइटच्याही खाली जायचे तर पुढे हायपो लागतो, एटच्या वर जायचे तर पर. जीन्स फिकी करणारे सोडियम हायपोक्लोराइट आणि पोटॅशियम परमँगनेट यांच्या नावांतच त्यांची जागा लिहिलेली आहे. आकडे तर आपल्या घरचेच आहेत: डाय म्हणजे द्वि, ट्राय म्हणजे त्रि, पेंटा म्हणजे पंच, हेप्टा म्हणजे सप्त, ऑक्टा म्हणजे अष्ट. ग्रीक आणि संस्कृत एकाच कुळातल्या असल्यामुळे मराठी मुलाला हे इंग्रज मुलापेक्षा सोपे जायला हवे. एथिलीनडायअमाइनटेट्राअसेटिक ॲसिड पाठ करणे शिक्षा आहे. समासासारखे फोडले तर ते दोन अमाइन आणि चार असेटिक गटांचे साधे वर्णन आहे.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे मराठीत का नको? मराठी नावांचे प्रेम मलाही आहे. पण मोरचूद, हिराकस आणि तुरटी ही आपली जुनी नावे घ्या. ती सुंदर आहेत, मात्र तिन्ही सल्फेट आहेत हे नाव ऐकून कळत नाही. नात्याची खूण शेपटीतच आहे, आणि ती देवनागरीत लिहिली तरी टिकते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: टँकरवर क्रमांक आणि चित्रे असतातच, कार्बन डायसल्फाइडचा 1131, सल्फ्युरिक ॲसिडचा 1830, मग नाव वाचायचे कशाला? अग्निशमन दलासाठी ती सोय उत्तम आहे. पण गोणीतला माल बादलीत काढला की क्रमांक गोणीवर राहतो आणि हेल्परच्या तोंडी फक्त नाव उरते. तेही छोटे केले तर घोटाळा वाढतो. ‘हायपो’ म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट हे ब्लीच, आणि त्याच ब्लीचचा उरलेला अंश मारायला वापरतात ते सोडियम थायोसल्फेटही ‘हायपो’च.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नियमाला अपवाद आहेत. हायड्रॉक्साइडमध्ये ऑक्सिजन असतोच. शिवाय एट म्हणजे निर्धोक असे कुणी समजले तर हे अर्धे ज्ञान जीव घेईल. भोपाळमध्ये 1984 साली सुटलेल्या मिथाइल आयसोसायनेटच्या शेवटीही एटच होते. हे मला मान्य आहे. शेपटी धोक्याची पातळी सांगत नाही. ‘ही वस्तू ती नव्हे’ एवढेच सांगते. पण गोदामात, धुलाईच्या टाकीपाशी किंवा वालधुनी नदीत मिसळणाऱ्या नाल्याच्या काठावर सावध व्हायला तेवढे पुरते, कारण तिथली चूक बहुतेकदा एका वस्तूला दुसरी समजण्याचीच असते.

भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. माहिती दिली जाते, इंग्रजी पत्रक भिंतीवर लागते. ते वाचता यावे याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. आयटीआयच्या केमिकल प्लांट ऑपरेटरला हे व्याकरण थोडेफार मिळते. गोण्या वाहणाऱ्या, टाक्या धुणाऱ्या, पिंपे विकणाऱ्या आणि त्यांत पाणी भरणाऱ्या माणसांना ते मिळत नाही. तीन शेपट्या, दोन उपसर्ग आणि दहापर्यंतचे आकडे, एवढा मजकूर एका मराठी पानात बसतो. इंग्रजी येत नाही म्हणून तो शिकवता येत नाही, ही सबब मला पटत नाही. कारण तो शिकायला इंग्रजी लागतच नाही, फक्त शब्द शेवटपर्यंत वाचायची सवय लागते.