टीव्हीमागची कांडी

रेमंड विल्यम्स यांचे 'टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म' हे छोटेखानी पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यातला एक प्रसंग माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असेल. आठवडाभराचा सागरी प्रवास करून थकलेले विल्यम्स मायामी येथे पोचतात आणि रात्री टीव्हीवर एक चित्रपट पाहू लागतात. मधूनमधून जाहिराती येतात, पुढे दाखवल्या जाणाऱ्या इतर चित्रपटांचे तुकडे येतात, आणि थोड्याच वेळात कोणते दृश्य कशातले हे त्यांना उमगेनासे होते. त्यातून त्यांनी 'फ्लो' ही संकल्पना मांडली. टीव्हीवर आपण सुटे कार्यक्रम पाहत नसतो. कोणीतरी आखून दिलेला एक अखंड प्रवाह पाहत असतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. गंमत अशी की, हा प्रवाह ज्या तंत्राने खंडित केला त्याचे नाव 'स्ट्रीमिंग', म्हणजे पुन्हा वाहणेच! भाषेला विनोदबुद्धी असते ती अशी.

विल्यम्स यांच्या संकल्पनेत 'आखून देणारा' महत्त्वाचा आहे. तो कोण आणि कोणत्या भाषेत आखतो, हा प्रश्न नंदुरबारसारख्या जिल्ह्यात बसून विचारला की त्याला वेगळीच धार येते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. इथे अहिराणी बोलतात, भिली, पावरी, मावची बोलतात, गुजर घरांत गुजरी बोलतात. नवापूरच्या रेल्वेस्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. माझ्या वर्गात साठ मुले बसली असतील तर प्रमाण मराठी ही ज्यांची घरची भाषा आहे अशी पाच-सहा निघतात. आणि ज्या विषयाच्या पदवीसाठी ती येतात त्याचे नाव 'मराठी' असते.

आमच्या तापीकाठच्या गावात टीव्ही आला तो 'रामायण' मालिकेच्या आगेमागे, म्हणजे १९८७-८८ च्या सुमारास. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. त्या काळाविषयी इतरांनी इतके लिहिले आहे की इथे पुन्हा ओसरीवरची गर्दी उभी करीत नाही. एवढेच नोंदवतो की पडद्यावरची भाषा हिंदी होती आणि ते कोणालाही खटकले नाही. देव हिंदी बोलतात, हे आम्ही गृहीतच धरले होते.

केबल आली ती नव्वदीच्या मध्यावर, आणि आली तीही आधी तालुक्याच्या गावी. विद्युत-खांबांवरून, गच्च्यांच्या कठड्यांवरून, चिंचेच्या फांदीला वेढा घालून ती काळी तार घरात शिरे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलवाला पैसे मागायला येई. हा माणूस आपल्या सांस्कृतिक इतिहासात नोंदला गेला नाही, याचे मला वाईट वाटते. कोणती वाहिनी कितव्या क्रमांकावर, कोणती दिसेल, कोणती मुंग्यांच्या मागे लपेल हे तो ठरवी. आमच्याकडे गुजराती वाहिन्या ठळक दिसत, कारण मागणी होती. शिवाय त्याची स्वतःची एक वाहिनी असे. तिच्यावर दुपारी व्हीसीडीवरचा चित्रपट, खाली सरकत्या पट्टीत कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, किराणा दुकानाची जाहिरात, आणि गणपतीत विसर्जनाची मिरवणूक. मिरवणुकीत आपण दिसलो का, हे पाहण्यासाठी लोक दुसऱ्या दिवशी टीव्हीसमोर बसत. गावाने स्वतःला पडद्यावर पाहिले ते या एवढ्याच खिडकीतून. तिथेही निवेदन मात्र शक्य तितक्या शुद्ध मराठीत, छापील, अवघडलेले.

१५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' सुरू झाली, पुढच्या वर्षी 'ईटीव्ही मराठी'. आमच्या घरात मराठी प्रवाह वाहू लागला तो तेव्हा. 'आभाळमाया', 'वादळवाट', आणि तीन हजारांहून अधिक भाग चाललेली 'चार दिवस सासूचे'. मी शिकवू लागलो त्या काळात या मालिकांचा मला फार उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. नाट्यगत उपरोध म्हणजे काय, हे सांगताना शेक्सपिअरपर्यंत जावे लागत नसे. काल रात्री सुनेला जे ठाऊक नव्हते आणि आपल्याला ठाऊक होते त्याची आठवण दिली की काम होई. मुलींच्या बाकांवर लगेच हसू उमटे. वर्गाला एक सामाईक संहिता होती, साहित्यिक दर्जाने बेताची, पण सर्वांनी एकाच रात्री वाचलेली.

मात्र त्या संहितेतली माणसे पुण्या-मुंबईची मराठी बोलत. बोलीत बोलणारे पात्र आले तर ते गडी असे, मोलकरीण असे किंवा हसण्यासाठी असे. तेही बहुधा कुठल्याच जिल्ह्यात न बोलल्या जाणाऱ्या एका 'ग्रामीण' भाषेत. माझी आई हे सगळे अनेक वर्षे पाहत आली. पाहताना ती गप्प असे. पाहुण्यांच्या घरी बसावे तशी ती आपल्याच घरात टीव्हीसमोर बसे, हे मला तेव्हा जाणवले नव्हते. आज फरक दिसतो म्हणून जाणवते.

मधला तपशील थोडक्यात. केबलचे डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने झाले. शहरांना २०१५ अखेरची मुदत होती, ग्रामीण भागाला वाढवत वाढवत मार्च २०१७ ची. सेट-टॉप बॉक्स आला आणि केबलवाल्याची ती वाहिनी हळूहळू मागे पडली. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती लागू झाली : शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे निराळे. प्रथमच ग्राहकाला वाहिन्यांची यादी हाती घेऊन बसावे लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून मोबाइलवर चित्रफिती पाहणे स्वस्त झालेच होते. शहरात घरोघरी फायबर आले, आणि आमच्याकडे ते घेऊन आला तो पूर्वीचाच केबलवाला. तोच माणूस, तीच शिडी, तोच खांब. तार तेवढी नवी. टाळेबंदीनंतर माझ्या मुलीने टीव्हीच्या मागे बोटाएवढी एक कांडी खोचली आणि केबलचे पैसे देणे आम्ही थांबवले.

अशा कांडीविषयी बोलताना आपण शहरी लोक लगेच नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ यांची नावे घेतो. माझ्या घरात आणि माझ्या सहकाऱ्यांच्या घरांत त्यांचा वापर बेताचाच आहे. खरा वापर यूट्यूबचा. आणि यूट्यूबवर खानदेश किती आहे! लग्नातली अहिराणी गाणी आहेत, मालेगावच्या 'छोटू दादा'च्या विनोदी फिती आहेत, पावरी ढोलाच्या तालावरची नाचगाणी आहेत, काठीच्या राजवाडी होळीची चित्रणे आहेत. 'हाई झुमका वाली पोर' हे गाणे तर खानदेशाबाहेरही कोट्यवधी वेळा पाहिले गेले. यातले पुष्कळसे उथळ आहे, काही भडक आहे. मी त्याचा वकील नाही. पण ते मोबाइलवरून टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर आले, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरीखाली, घरातल्या सर्वांसमोर लागले, तेव्हा काहीतरी निराळे घडले. आई पदर सावरून पुढे सरकली आणि म्हणाली, "माय वं! हाई ते आपली बोली शे!"

सत्तर वर्षांच्या बाईला आपली बोली पडद्यावर ऐकून आश्चर्य वाटावे, यात त्या आधीच्या तीस-पस्तीस वर्षांवरची टीका आली. मी वर्गात बोलींवर तास घेतो, ग्रिअर्सनपासून पुढे सांगतो. त्या एका वाक्याइतके नेमके मला कधी सांगता आलेले नाही.

कांडीबरोबर येणाऱ्या रिमोटवर बोलून शोधायची सोय असते. मुलीने ती आजीला शिकवली. श्रावणाचे दिवस होते. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार म्हणजे आमच्याकडे कानबाई. आईने रिमोट तोंडाशी धरून सांगितले, "कानबाईना गाना लाव." पडद्यावर अक्षरे उमटली : 'खान भाई का गाना'. पाठोपाठ मुंबईच्या नायकांची रांग! आम्ही पोट धरून हसलो. नंतर मला त्यातली व्याकरणाची बाजू सुचली. अहिराणीचा षष्ठीचा प्रत्यय ना-नी-नं, गुजरातीला जवळचा. मराठीच्या चा-ची-चे आणि हिंदीच्या का-की-के यांवर वाढलेल्या यंत्राला तो प्रत्यय ऐकूच आला नाही. त्याने तो दुरुस्त करून टाकला. पेपर तपासताना आपणही तेच करतो. 'रामनं घर' खाली लाल रेघ मारतो आणि समासात 'रामाचे' लिहितो.

शेवटी मुलीने अक्षरे टाइप करून कानबाईची गाणी लावली. डीजेच्या ठेक्यावर बसवलेली, मधे बासरी, नऊवारीतल्या मुली. आईने दोन कडवी ऐकली आणि तिसऱ्याला म्हणाली, "आसं नही शे ते." आणि ती गाऊ लागली. गाव सोडून शहरात आल्यापासून तिला गाताना मी ऐकले नव्हते. ओव्या-गाणी हा भावकीच्या बायकांमध्ये बसून करायचा उद्योग, आणि वसाहतीत भावकी नव्हती. टीव्हीतली बाई एक पाठ गात होती, आई दुसरा. कानबाईच्या वाटेवर कोण कोण भेटते त्याचा क्रम निराळा, चाल संथ, आणि एक अख्खे कडवे टीव्हीत नव्हतेच. मुलीने आवाज बंद केला. पडद्यावरच्या मुली मुक्याने नाचत राहिल्या आणि आई गात राहिली.

मौखिक वाङ्मयाला मूळ संहिता नसते, पाठभेद हेच तिचे अस्तित्व, असे आपण वर्गात सांगतो. त्याची दुसरी बाजू इथे समोर होती. गावोगावचे पाठ जोवर बायकांच्या गळ्यात होते तोवर ते एकमेकांना मारत नव्हते. आता त्यांतला एक पाठ ध्वनिमुद्रित होऊन सर्व घरांत वाजतो आणि तोच 'खरा' ठरतो. माझ्या मुलीला टीव्हीतला आधी पाठ झाला, आजीचा नंतर. तरीही, टीव्हीत ते गाणे लागले नसते तर आजीने तोंड उघडले नसते. या दोन गोष्टींची वजाबाकी मला करता येत नाही.

वर्गातली सामाईक संहिता मात्र गेली, हे खरे. काल काय पाहिले, असे विचारले तर आता जितकी डोकी तितकी उत्तरे येतात, बहुतेक मोबाइलवरची. शिवाय धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून येणाऱ्या मुलांच्या घरी ना केबल पोचली होती ना फायबर. तिथे कुडाच्या घरावर दिसते ती दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री. डिसेंबर २००४ पासूनची, मासिक शुल्क नसलेली. तिच्यात 'सह्याद्री' आहे, बाकी हिंदीचा भरणा. केबलला पर्याय म्हणून कांडी, ही चर्चा जिल्ह्याच्या सपाटीवरची आहे.

शहादा परिसरातल्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आलेले कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता मी दरवर्षी शिकवतो. स्टेजवर कधीच न बोलावले गेलेले आदिवासी, आणि त्यांचेच दुःख स्टेजवरून त्यांना समजावून सांगणारे इतर, असा तिचा रोख. यंदा ती शिकवताना मागच्या बाकावरचा एक पावरा मुलगा म्हणाला, "सर, आता स्टेज आपल्या खिशात आहे." त्याची स्वतःची वाहिनी आहे, तो ढोलाच्या फिती टाकतो. मी विचारले, सर्वांत जास्त कोणती पाहिली गेली? तो जरा थांबला. ज्या फितीत त्याच्या मित्रांनी अंगभर झावळ्या बांधून 'जंगली' नाच केला होता ती. "लोकांना तसलंच लागतं सर," तो म्हणाला. स्टेजवर जाता येते, पण खालून टाळ्या कशाला पडतात ते मोजणारे यंत्र पुढचा नाच ठरवते. विल्यम्स यांच्या प्रवाहाला निदान आखणारा माणूस होता. त्याच्याशी भांडता येत होते. आमच्या केबलवाल्याशी तर रोजच भांडता येई.

गेल्या कानबाईला मुलीने आजीचे गाणे मोबाइलवर टिपून घेतले. चार मिनिटांहून थोडे अधिक, मागे कुकरची शिट्टी. ते यूट्यूबवर टाकावे, त्यातले हरवलेले कडवे लोकांना मिळेल, असा तिचा आग्रह. आणि मराठीचा प्राध्यापक म्हणून मी तिच्याच बाजूचा. आईने ऐकून घेतले आणि नकार दिला. "हाई देवीनं गानं शे. लोकेसले दखाडाले नही." मुलगी म्हणाली, "अगं आजी, नाहीतर ते तुझ्याबरोबर जाईल." त्यावर आई चिडली नाही. ज्याला पाहिजे त्याने रोटाच्या रात्री गावी यावे, खाली बसावे आणि मागे म्हणावे, असे तिने सांगितले. फीत माझ्या मोबाइलमध्ये आहे. या श्रावणात आम्ही तिघे गावी जाणार आहोत. मुलीने कडवे लिहून घेतले आहे, आणि आईने ते वाचून त्यातल्या दोन 'चे'च्या जागी 'ना' करायला लावले आहे.