आयटीआय नव्हे हो!

आमच्या नारपोलीत एखाद्याच्या मुलांचं शिक्षण विचारण्याची खास पद्धत आहे. आधी मोठ्या आस्थेने "पोरगी काय करते?" असं विचारायचं, आणि मग आपल्याला जे ऐकायचं असेल तेच ऐकायचं. दोष माणसांचा नाही. रात्रंदिवस यंत्रमागांच्या खटखटीत राहिल्यावर सांगितलेल्यापैकी निम्मं कानात शिरतं आणि उरलेलं निम्मं धोट्याबरोबर पलीकडे निघून जातं. त्यामुळे आमची कन्या 'आयसीटी'ला आहे असं मी सांगितलं की समोरचा 'आयटीआय'च ऐकतो.

"आयटीआय नव्हे हो, आयसीटी!" मी आवाज चढवतो.

"असू दे, असू दे," समोरचा माझ्या खांद्यावर हात ठेवतो. "लाज कसली त्यात? हल्ली वायरमन इंजिनियरपेक्षा जास्त कमावतो."

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू बंद पडलेला टेबलफॅन घेऊन दारात हजर झाल्या. "घाई नाही हो, पोरीला परीक्षेनंतर जमेल तसा बघू दे," असं म्हणून त्यांनी तो आमच्या पलंगाखाली सरकवलादेखील.

आता तुम्हाला म्हणून खरं सांगतो. मलाही या संस्थेचं नाव ठाऊक नव्हतं. मी पडलो बी. कॉम. माझ्या लेखी जगात विद्यापीठं दोनच प्रकारची : एक, ज्याने मला पास केलं ते, आणि बाकीची, ज्यांनी केलं नसतं ती. सीईटीचा निकाल लागला तेव्हा कन्येपुढे दोन वाटा होत्या. एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटरची जागा मिळत होती. त्या कॉलेजाचं नाव शेंबड्या पोरालाही पाठ होतं, कारण ते बसच्या पाठीवर लिहिलेलं असे. दुसरी वाट माटुंग्याची. शाखा : फायबर्स अँड टेक्स्टाइल प्रोसेसिंग टेक्नॉलॉजी. कन्येने बसच्या पाठीकडे पाठ फिरवली आणि माटुंगा घेतलं.

"टेक्स्टाइल म्हणजे कापडच ना गं?" मी विचारलं.

"हो बाबा. कापड, त्याची प्रक्रिया, रंग."

माझ्या पोटात खड्डा पडला. आमच्या वडिलांनी इथल्या कारखान्यांत तीस वर्षं माग चालवले. शेवटी शेवटी त्यांना इतकं कमी ऐकू येई, की आई त्यांना जेवायला बोलावताना हाताने खूण करी. "माझ्या नातवंडांनी कापड फक्त अंगावर घालावं," असं ते म्हणत. मला बँकेत चिकटवून त्यांनी घराण्याची कापडापासून सुटका केली. आणि ही बया शेअर रिक्षाने कशेळी-बाळकुम ओलांडून, ठाण्याला लोकल पकडून माटुंग्याला कशासाठी जाणार, तर कापड शिकायला! "कापड शिकायला नारपोली सोडून मुंबईला?" असं मला तिघांनी विचारलं. समुद्रातल्या माशाने पोहण्याचा क्लास लावावा तसंच होतं ते. मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी बोललो तेही एवढंच, की कॉम्प्युटरची जागा अजून जाईल तर बघ.

ती गेली नाही. मी हरलो आणि शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरायला आमच्याच बँकेत बसलो. तिथल्या संगणकात संस्थांची भली मोठी यादी होती. बसच्या पाठीवरचं कॉलेज तीत दिमाखात होतं. आमचं कुठेच नव्हतं. शेवटी सगळ्यात तळाशी असलेल्या 'इतर'वर बोट ठेवावं लागलं. मॅनेजरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मान्यताप्राप्त आहे ना हो?" बावीस वर्षं मी या खुर्चीवरून लोकांना नेमका हाच प्रश्न विचारत आलोय. काउंटरच्या पलीकडून तो किती बोचतो, ते त्या दिवशी कळलं.

मग मात्र मी हट्टाने माहिती काढली. संस्था 1933 सालची. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञानाचा विभाग म्हणून सुरू झालेली, सुरुवातीचे विषय केमिकल इंजिनियरिंग आणि (धरणी दुभंगून पोटात का घेत नाही?) कापडाचं रसायनशास्त्र! डॉ. रघुनाथ माशेलकर इथले विद्यार्थी. प्रा. मनमोहन शर्मा इथले विद्यार्थी, इथलेच प्राध्यापक आणि संचालक. 1990 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं. डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी काढणारे अंजी रेड्डी इथलेच. 2008 साली तर हे स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झालं. एवढं सगळं माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

यातलं नारपोलीच्या उपयोगाचं नाव मी बरोबर हेरलं : मुकेश अंबानी. तेही तिथलेच केमिकल इंजिनियर! दुसऱ्या दिवसापासून मी कुणी न विचारताही सांगू लागलो, "आमची कन्या शिकते ना, तिथेच अंबानी शिकले." परिणाम आठ दिवसांत दिसला. अंजूरफाट्यावरचा पानवाला गिऱ्हाइकाला ठासून सांगत होता, "शिक्षणाचं काही नसतं शेठ. अंबानीनेसुद्धा आयटीआयच केलंय!"

त्या रात्री जेवताना मी ताटावरच संतापलो. "तुमच्या संस्थेला एक बोर्ड तरी नीट लावता येत नाही का? कुणाला माहीतच नाही!"

कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, पहिल्या दिवशी वर्गात सगळ्यांना गावं विचारली. मी म्हटलं, नारपोली. सगळे म्हणाले, कुठे आलं हे?"

"मग?"

"मग काय? तिथल्या निम्म्यांच्या अंगावरचं कापड कदाचित इथलंच असेल. पण कुणाच्या कॉलरवर नारपोली लिहिलेलं असतं?"

मी वरणात भात कालवत राहिलो. खरंच होतं. इथून कापड निघतं ते कोरं. रंगतं दुसरीकडे, शिवतात तिसरीकडे आणि कॉलरला नाव लागतं चौथ्याचंच. आयुष्यभर कोऱ्या कापडाच्या गावात राहून मी बसच्या पाठीवरच्या नावासाठी रुसलो होतो.

नोव्हेंबरात बँकेत पेन्शनवाल्यांची रांग लागते. हयातीचे दाखले द्यायचे असतात. एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते. मुंबईच्या गिरणीत रंगखात्यात होते. 1982 च्या संपानंतर गिरणी बंद पडली आणि ते इकडे आले. फॉर्म भरता भरता त्यांनीही तो प्रश्न विचारलाच. मी थकून म्हटलं, "माटुंग्याला आहे. रंगाचं, कापडाचं शिकते. तुम्हाला नाही कळायचं आजोबा, वीजेटीआयच्या जवळ आहे कुठेतरी."

म्हातारा बाकावरून उठून उभाच राहिला. "म्हणजे यूडीसीटी म्हणा की!"

हे जुनं नाव. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीला जुनी माणसं माहेरच्या नावानेच हाक मारतात, तसं.

"आमच्या खात्याचे साहेब तिथलेच," ते म्हणाले. "एकदा सगळा लॉट बिघडला, डाग डाग पडले. आम्ही म्हटलं, रंग खराब. साहेबांनी चिमटीत कापड घेतलं आणि म्हणाले, पाणी तपासा. पाणीच जड निघालं. यूडीसीटीचा माणूस खात्यात आला की आम्ही विडी विझवायचो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पोरगी आहे? पोरींना घेतात आता रंगखात्यात?"

"घेतील," मी म्हणालो. घसा उगाचच दाटला होता. रांगेतले बाकीचे हयात लोक खोळंबले होते. मी शिक्का मारला, पण तो जरा वाकडाच पडला. वडील असते तर त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून हे सांगितलं असतं.

परवा काकू पुन्हा दारात आल्या. या वेळी हातात साडी होती. नव्या लाल साडीने काकांचा पांढरा सदरा गुलाबी करून टाकला होता. "मिठाच्या पाण्यात भिजवली तरी रंग जातोच आहे गं," त्या रडकुंडीला आल्या होत्या.

कन्येने साडीचा पदर चिमटीत धरून उजेडात पाहिला. "काकू, मीठ रंगवताना घालतात. तेव्हा ते रंगाला सुताकडे ढकलतं. नंतर घरी घालून जास्तीचा रंग पक्का होत नाही. तो निघून जाऊ दे. दोन-तीनदा वेगळी धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आणि सदरा वाळवू नका, ओला आहे तोवर लगेच पुन्हा धुवायला टाका."

आठ दिवसांनी काकू प्रसन्न मुद्रेने आल्या. साडी ताळ्यावर आली होती. सदराही पुष्कळसा पांढरा झाला होता. त्यांनी कन्येच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "गुणाची पोर हो! आयटीआयला हेसुद्धा शिकवतात होय?"

मी तोंड उघडलं. मग मिटलं.

"हो काकू," मी म्हणालो. "पण पंखा मात्र पुढच्या वर्षाला आहे."