शॅडोलँड्स : व्याख्यान आणि माळा

मंगळवार, ९ जुलै

वाचनकट्ट्यावर या रविवारी पुस्तकाऐवजी सिनेमा दाखवायचा आहे आणि आधी दोन शब्द बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तरुण मंडळींनी विषय दिला तोही असा: विद्यापीठ, प्रेम आणि श्रद्धा, तिन्ही एकाच चित्रपटात हवं. भाचीने मोबाइलवर यादी काढून दाखवली. बहुतेकांचा साचा एकच. देव न मानणारा हुशार मुलगा, प्रार्थना करणारी सालस मुलगी, मध्ये एक अपघात किंवा आजार, आणि शेवटच्या दहा मिनिटांत मुलगा गुडघे टेकतो. असल्या सिनेमात कुणाची श्रद्धा पणाला लागतच नाही. पेपर आधीच फुटलेला असतो.

मी 'शॅडोलँड्स' सुचवला. १९९३चा, रिचर्ड अॅटनबरोचा. ऑक्सफर्ड आहे, प्रेम आहे, आणि देवाशी भांडण तर भरपूर आहे. भाचीने पोस्टर बघितलं आणि म्हणाली, "मावशी, यात दोघंही म्हातारे आहेत गं." खऱ्या लग्नाच्या वेळी सी. एस. लुईस सत्तावन वर्षांचा होता आणि जॉय एक्केचाळीस. तेविशीतल्या मुलीला हे दोघं म्हातारे वाटणारच. मी हट्ट सोडला नाही.

बुधवार, १० जुलै

टिपणं काढायला बसले.

लुईस बेलफास्टचा, १८९८चा. नऊ वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली. तरुणपणी पक्का नास्तिक. पहिल्या महायुद्धात खंदकात लढून जखमी होऊन परतला. १९२५पासून ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात इंग्रजीचा फेलो. सप्टेंबर १९३१मधल्या एका रात्री कॉलेजच्या आवारातल्या अॅडिसन्स वॉक या पायवाटेवर टोल्कीन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी वाद घालत तो फिरला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पुरता ख्रिस्ती झाला. म्हणजे या माणसाला श्रद्धा गवसली ती विद्यापीठात, तीही मित्रांच्या गप्पांतून. मग १९४०मध्ये त्याने 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' लिहिलं. देव प्रेमळ आहे तर जगात दुःख का, याचा तर्कशुद्ध जबाब. युद्धकाळात बीबीसीवरून त्याने धर्मावर दिलेली भाषणं लाखोंनी ऐकली. १९५०पासून नार्नियाची सात पुस्तकं. राहायला ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागातलं 'द किल्न्स' नावाचं घर, सोबत थोरला अविवाहित भाऊ वॉर्नी.

आणि जॉय डेव्हिडमन. १९१५चा जन्म, न्यूयॉर्कचं ज्यू कुटुंब, आधी नास्तिक, मग कम्युनिस्ट पक्षाची सभासद, मग ख्रिस्ती. पहिल्याच कवितासंग्रहाला येल विद्यापीठाचा तरुण कवींसाठीचा मान मिळालेला. नवरा विल्यम ग्रेशम कादंबरीकार. दारू आणि बाहेरची प्रकरणं. तिने १९५०मध्ये लुईसला पहिलं पत्र लिहिलं, १९५२मध्ये भेटली, पुढे दोन मुलांसह इंग्लंडमध्येच राहायला आली आणि मग घटस्फोट झाला. सरकारने मुक्कामाची परवानगी वाढवायला नकार दिला तेव्हा एप्रिल १९५६मध्ये लुईसने तिच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. निव्वळ मैत्रीखातर, असं तो म्हणायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिच्या मांडीचं हाड मोडलं आणि कॅन्सर उघडकीला आला. घटस्फोटितेचं पुन्हा चर्चविधीने लग्न लावायला ऑक्सफर्डच्या बिशपने परवानगी दिली नाही. मार्च १९५७मध्ये पीटर बाइड या लुईसच्या जुन्या विद्यार्थ्याने, आता पाद्री झालेल्या, ते तिच्या खाटेशी लावलं.

हे सगळं रविवारी सांगितलं तर सिनेमा बघायला कुणी उरणार नाही. दहा मिनिटं मिळाली आहेत.

शुक्रवार, १२ जुलै

दुपारी आत्याला घेऊन सिनेमा पुन्हा पाहिला. आत्या ऐंशीच्या घरातली, नेमाने हरिपाठ म्हणणारी. इंग्रजी समजतं, बोलत नाही.

सुरुवातीला लुईस (अँथनी हॉपकिन्स) भरल्या सभागृहात दुःखावर व्याख्यान देतो. संदर्भ खऱ्या घटनेचा: डिसेंबर १९५१मध्ये चॅटहॅमजवळ रात्री रस्त्याने चाललेल्या रॉयल मरीन्सच्या बालकॅडेटांच्या रांगेत बस घुसली आणि मुलं चिरडली गेली. देवाने हे कसं होऊ दिलं? हॉपकिन्स आवाज न चढवता समजावतो की देव शिल्पकार आहे, आपण दगड, आणि छिन्नीचे जे घाव आपल्याला इतके लागतात तेच आपल्याला घडवतात. वाक्य पुरं व्हायच्या आतच आत्या म्हणाली, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

"तेच सांगतोय तो."

"छान बोलतो. पण घरचं कुणी गेलेलं दिसत नाही याचं."

मी म्हटलं, गेलंय ना, लहानपणीच आई गेली त्याची. आत्याने जरा वेळ पडद्याकडे पाहिलं. "मग तेच झाकून बोलतोय." आणि पुढे, "तुझे आतोबा गेले तेव्हा दहाव्याला आलेल्या एकीने मला हेच ऐकवलं होतं, टाकीचे घाव. मी तिला चहा दिला. दुसरं काय करणार?"

निकल्सनच्या पटकथेचा कणा हाच आहे. विल्यम निकल्सनने हे आधी १९८५मध्ये बीबीसीसाठी दूरचित्रपट म्हणून लिहिलं, त्याचं नाटक केलं आणि मग ही पटकथा. एकच व्याख्यान, तेच दगड-छिन्नीचं वाक्य, सिनेमात पुन्हा येतं. पहिल्यांदा हॉपकिन्स ते टाळ्यांच्या खात्रीने म्हणतो. पुढे ते त्याच्या तोंडात अडखळतं, नजर श्रोत्यांवरून ढळते. शब्द तेच, पण ते म्हणणारा माणूस आता दगडाच्या जागी उभा आहे. वर्षानुवर्षं वर्गात त्याच नोट्स वाचणाऱ्या माझ्यासारखीला हे फार जवळून लागतं.

डेब्रा विंगरची जॉय या बुजुर्ग प्राध्यापकांच्या दुनियेत वादळ होऊन येते. चहाच्या सभ्य दालनात शिरून ती खणखणीत आवाजात विचारते, इथे लुईस नावाचं कुणी आहे का. सगळ्यांच्या माना वळतात. पार्टीत ख्रिस्तोफर रायली नावाचा प्राध्यापक (जॉन वुड, फार उत्तम) बायकांच्या बुद्धीवर शेरा मारतो, तेव्हा ती शांतपणे विचारते की आपण मुद्दाम अपमान करताय की नुसतेच मूर्ख आहात. आत्या खुदकन हसली. लुईसचं कॉलेज कोणतं, हे लक्षात ठेवलं की प्रश्नाला धार येते. मॉडलिनने विद्यार्थिनींना पहिल्यांदा प्रवेश दिला तो १९७९मध्ये. तोवर पाचशे वर्षं नुसता पुरुषांचा अड्डा.

रविवार, १४ जुलै

पंचवीसेक माणसं आली. बाहेर पावसाने पत्रा असा बडवला की संवाद ऐकूच येईनात. सबटायटल्स होती म्हणून निभावलं. माझी दहा मिनिटं सात मिनिटांत उरकली. आपल्याकडे अॅटनबरो म्हणजे 'गांधी', रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा आणि कोल्हापूरच्या भानू अथैयांचं ऑस्कर, एवढं सांगितल्यावर मंडळी सरसावून बसली. त्या सिनेमाच्या अंत्ययात्रेच्या प्रसंगात तीन लाखांवर माणसं उभी केली होती. अकरा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने एका खोलीत दोन माणसं बसवली आणि कॅमेरा हलवला नाही.

शेवटाकडे सगळे गप्प होते. जॉय गेली आहे. माळ्यावर जुनं कपाट आहे, नार्नियातल्या कपाटाची आठवण करून देणारं. तिच्या मुलाने, डग्लसने, आल्या आल्या आत शिरून त्याची मागची फळी हाताने चाचपून पाहिलेली असते. आता तो त्याच माळ्यावर एकटा बसलाय. लुईस येऊन शेजारी बसतो. मुलगा सांगतो की माझा स्वर्गावर विश्वास नाही. ज्याने लाखो लोकांना रेडिओवरून स्वर्ग समजावला, त्याच्याकडे या वाक्याला दहा उत्तरं तयार असणार. तो म्हणतो, चालेल. नंतर मुलगा म्हणतो, मला तिला एकदा बघायचंय. आणि हॉपकिन्स रडतो. सुंदर रडत नाही. घशातून आवाज फुटतो, तोंड वेडंवाकडं होतं. जोसेफ मॅझेलो, त्याच वर्षी 'जुरासिक पार्क'मध्ये डायनोसॉरपासून पळालेला मुलगा, त्याला बिलगतो.

दिवे लागल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका उठले. "मॅडम, मुद्द्याचं सांगा. शेवटी तो देव मानतो की नाही?"

भाची म्हणाली, नाही मानत, दिसतंच आहे. कुणी म्हणालं, मानतो, पण बोलत नाही. अर्धा तास जुंपली. मी माझं मत दिलं: सिनेमा या प्रश्नाला शिताफीने बगल देतो. प्रेमाबद्दल तो निर्भीड आहे. सहलीच्या एका प्रसंगात जॉय पावसाच्या आडोशाला उभी राहून सरळ सांगते की मी मरणार आहे, आणि पुढचं ते दुःख आजच्या या सुखाचाच भाग आहे. लुईसला ते ऐकायचं नसतं, ती ऐकवतेच. श्रद्धेबद्दल मात्र सिनेमा इतका स्पष्ट होत नाही. पाद्री धीर द्यायला येतो तेव्हा लुईस कडवट बोलतो, आणि तिथून पुढे देवाचा विषय मागे पडतो.

काकांचं समाधान झालं नाही. "बगल दिली म्हणता, मग चांगला कसा?" प्रश्न रास्त होता. मी ट्यूटोरियलचं उदाहरण दिलं. सुरुवातीचा लुईस विद्यार्थ्याला प्रश्न विचारतो आणि उत्तर स्वतःच सुनावतो. शेवटाकडच्या एका प्रसंगात नवा विद्यार्थी समोर आहे. तो विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. तेवढा बदल सिनेमा चोख दाखवतो.

सोमवार, १५ जुलै

काल बोलायचं राहिलं ते. चित्रपट चरित्राशी पुष्कळ ठिकाणी फारकत घेतो, आणि त्याला माझी हरकत नाही. १९५४मध्येच लुईसची केंब्रिजला प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली होती. सिनेमा त्याला ऑक्सफर्डमध्येच ठेवतो. आजार पुन्हा उलटलेला असतानाही दोघं एप्रिल १९६०मध्ये मित्रांबरोबर ग्रीसला गेले. सिनेमात इंग्लंडच्या सीमेवरची गोल्डन व्हॅली आहे. सोय म्हणून ठीक.

एक काटछाट मात्र मला खटकते. जॉयला मुलगे दोन होते. थोरला डेव्हिड सिनेमात नाहीच. हा डेव्हिड पुढे आईच्या घराण्याच्या ज्यू धर्माकडे वळला, कडक पाळू लागला, आणि त्याच्यासाठी कोशर जेवणाची सोय लुईसने केली. ख्रिस्ती धर्माचा त्या काळातला सर्वांत वाचला जाणारा कैवारी आपल्या सावत्र मुलाच्या यहुदी ताटाची तजवीज करतो आहे! श्रद्धा आणि प्रेम यांवर सिनेमा काढायचा तर याहून मोठा प्रसंग कोणता? पण एक मुलगा, एक माळा, एक मिठी असं बेतलं की डेव्हिडला जागा उरत नाही. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये असंच घर लिहिलंय. १८९५मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, बायकोने सोवळं सोडलं नाही, आणि तिचा स्वतःचा बदल पाच वर्षांनी, तिच्या स्वतःच्या रस्त्याने झाला. पाणी कोणाच्या हातचं प्यायचं, या प्रश्नावर त्यांनी पानंच्या पानं खर्च केलीत. श्रद्धेची खरी ओढाताण स्वयंपाकघरात होते. ऑक्सफर्डच्या जेवणघरात मेणबत्त्या फार असल्याने ती दिसत नसावी.

दुसरी तक्रार जॉयच्या वतीने. तिची कविता सिनेमात येते ती ओझरती, आणि कम्युनिस्ट असणं हे गमतीचं वाक्य म्हणून. दहा आज्ञांवरच्या तिच्या पुस्तकाला लुईसने प्रस्तावना लिहिली होती. 'टिल वी हॅव फेसेस' ही त्याची कादंबरी तिला अर्पण केलेली आहे आणि ती घडवण्यात तिचा हात होता. पडद्यावर ती त्याला हसायला, रडायला शिकवते. प्रत्यक्षात त्याच्या हस्तलिखितावर तिचं मत चालत होतं. विंगरला ऑस्करचं नामांकन मिळालं ते योग्यच. तिने संहितेत नसलेली बुद्धी डोळ्यांत आणली आहे.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. आत्याचा उपास, माझी साबुदाण्याची खिचडी. दुपारभर लुईसचं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' वाचलं.

जॉय १३ जुलै १९६० रोजी गेली, पंचेचाळीस वर्षांची. घरात सापडलेल्या वह्यांमध्ये लुईसने जे खरडलं ते १९६१मध्ये एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने छापलं; बायकोचा उल्लेख नुसता 'एच.', कारण तिचं पहिलं नाव हेलन. चार वह्या, चार भाग. पहिल्या भागात तो देवाला फाडून खातो. देव नाही असं म्हणत नाही. देव आहे आणि तो असाच आहे की काय, ही भीती त्याला वाटते. 'प्रॉब्लेम ऑफ पेन' लिहिणाऱ्याचा एकही मुद्दा या वहीत त्याच्या कामी येत नाही. मग हळूहळू, दोन पावलं पुढे आणि एक मागे, तो परत बोलू लागतो. श्रद्धा परत मिळाली असं कुठेही जाहीर करत नाही, पण शेवटच्या वहीतला माणूस भांडत असला तरी देवाच्या ओसरीवर बसलेला आहे. जॉयनंतर तीन वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९६३ला, तो गेला. त्याच दिवशी केनेडींची हत्या झाली, त्यामुळे वर्तमानपत्रांत त्याला कोपराच मिळाला.

बँकेच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर या पुस्तकात आहे, सिनेमात नाही. त्यांना फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, मग कट्ट्यावर आधी पुस्तकच ठेवायचं होतं.

नाही. क्रम हाच बरोबर आहे. आधी सिनेमा पाहावा, कारण तो या दोन माणसांवर जीव लावायला लावतो. मग पुस्तक घ्यावं. ते दोन बैठकांत संपतं, इंग्रजी सोपं आहे, आणि ज्याच्या घरी अलीकडे कुणी गेलं असेल त्याने ते तूर्त बाजूला ठेवलं तरी चालेल. ऑगस्टच्या कट्ट्यासाठी मी तेच सुचवलंय. प्रती पाच आहेत, लागतील त्यांनी आधी कळवावं.